काही शंका?

परवा भाचीचा फोन आला होता. ती पुण्याला असते. तिचा मुलगा, म्हणजे माझा नातूच, मे महिन्यात पंधरा दिवस आमच्याकडे नाशिकला राहून गेला. फोनवर इकडचं तिकडचं झालं, लोणच्याच्या कैऱ्यांचं झालं, आणि मग ती जरा चाचरत म्हणाली, "मावशी, एक सांगू? रागावू नकोस. तू त्याला प्रश्न विचारायच्या नादाला लावलंयस. क्लासमध्ये आता सारखा हात वर करतो. परवा सरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तुमचा मुलगा हुशार आहे, पण बाकीच्यांचा वेळ घेतो."

मी "बरं बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. वेळेवर उत्तर न सुचणं ही माझी जुनी खोड. रात्री अंथरुणावर पडल्यावर सगळी उत्तरं सुचतात! तर ती सगळी इथे लिहून काढते आहे. हे मुख्यतः तिच्यासाठी आहे, पण आमच्या घराण्यात शिक्षक पैशाला पासरी, त्यामुळे बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

हा मुलगा चार-पाच वर्षांचा होता तेव्हा त्याच्या प्रश्नांनी घर हैराण असायचं. चंद्र आपल्या गाडीच्या मागे का येतो? मुंगीला गुडघे असतात का? आजोबांच्या फोटोतला माणूस आपल्याकडेच का बघतो, मी तिकडे गेलो तरी? यंदा तो सातवीत जाणार म्हणून मी मोठ्या उत्साहात तयारी करून ठेवली होती. गंगापूर धरण दाखवलं, सोमेश्वरला नेलं, गोदाघाटावर हिंडवलं. सगळीकडे शहाण्यासारखा आला, बघितलं, "छान आहे" म्हणाला. प्रश्न एकही नाही. शेवटी न राहवून मीच विचारलं, "काय रे, तुला हल्ली काही विचारावंसं वाटत नाही?"

तर म्हणाला, "आजी, आमच्या क्लासमध्ये डाउट शनिवारी विचारायचे असतात. पाच ते साडेपाच. तोपर्यंत वहीत लिहून ठेवायचे."

"मग तू लिहितोस?"

"लिहायचो. पण शनिवारपर्यंत विसरायला होतं, डाउट काय होता ते."

हसू आलं आणि पोटात कालवलंही. कारण डाउट हा शब्द त्या क्लासने शोधलेला नाही. तो आमचाच. तास संपायला दोन मिनिटं उरली, की खडूचे हात झटकत आम्ही विचारायचो, "काही शंका?" वर्ग गप्प. "नाही ना? चला." पुस्तक मिटलं, घंटा झाली. नोकरीच्या सगळ्या वर्षांत हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

नीट ऐका तो शब्द. प्रश्न नाही, शंका. बाईंनी शिकवलं ते पूर्णच होतं. आता कुणाच्या डोक्यात काही कमी राहिलं असेल तर त्याने उभं राहून तसं कबूल करावं, असा त्याचा अर्थ होतो. पासष्ट जणांसमोर असलं कबूल कोण करेल? शाळेत मोकळेपणाने विचारली जाणारी शंका एकच, आणि ती करंगळी वर करून विचारली जाते!

नाही म्हणायला आणखी काही प्रश्न मुलं बिनधास्त विचारतात. बाई, समास सोडायचा का? पेनाने लिहू की पेन्सिलीने? आणि सगळ्यांचा राजा : बाई, हे परीक्षेला आहे का? म्हणजे मुलांना तोंड नसतं असं नाही. कोणत्या प्रश्नाला ओरडा बसत नाही, हे त्यांना अचूक ठाऊक असतं, एवढंच.

घरीही आपण फार वेगळं करत नाही. लहान मुलाच्या प्रश्नाला मराठीत किती नावं आहेत बघा. डोकं खाऊ नकोस. फाटे फोडू नकोस. कीस पाडू नकोस. मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस. फार विचारलं तर आगाऊ, आणखी विचारलं तर चोंबडा, आणि मुलगी असेल तर शिष्ट. बाहेर निघालेल्या माणसाला "कुठे" असं विचारलं तरी अपशकुन! अशा घरातून आलेलं मूल शाळेत येऊन एकदम हात वर करील, ही अपेक्षाच मुळात जादा आहे.

आता माझं स्वतःचं सांगते. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

नोकरीला लागून पाच-सहा वर्षं झाली होती. सातवीचा वर्ग, पूर्णांक संख्यांचा धडा. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, असं मी फळ्यावर लिहिलं, खाली तीन उदाहरणं सोडवली. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. अंगाने बारीक, दोन वेण्या, फारशी कधी न बोलणारी. म्हणाली, "बाई, पण असं का?"

मी म्हणाले, "नियम आहे तो. पाठ कर."

त्यात वाईट काही नव्हतं, मी ओरडले नाही, चिडले नाही. पण ती खाली बसली नाही. तशीच उभी राहून म्हणाली, "पण बाई, दोन कर्ज मिळून पैसे कसे होतील?" वर्ग फिस्सकन हसला. आणि मीही हसले. बस, एवढंच झालं. ती बसली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही ती माझ्या वर्गात होती. पुन्हा उभी राहिल्याचं मला आठवत नाही.

खरं कारण सांगू? मला उत्तर येत नव्हतं. मीही तो नियम पाठच केला होता, माझ्या बाईंनी त्यांच्या बाईंकडून केला होता तसाच. हसण्याने माझी सुटका झाली.

आज मला ते उत्तर देता येतं, पाच मिनिटांत. उणे दोन गुणिले तीन म्हणजे उणे सहा. गुणिले दोन, उणे चार. गुणिले एक, उणे दोन. गुणिले शून्य, शून्य. पायरीपायरीने बघा, दर वेळी उत्तर दोनाने वर चढतंय. मग पुढची पायरी, उणे दोन गुणिले उणे एक, तिथे ते मधेच का थांबेल? पुन्हा दोनाने चढणार. अधिक दोन. आणि तिच्या कर्जाच्या भाषेत सांगायचं तर दोन कर्जं एकत्र करणं ही बेरीज झाली. दोन रुपयांचं कर्ज माफ होणं म्हणजे दोन रुपये मिळाल्यासारखंच. तिचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. आमच्या पुस्तकातल्या धड्यापेक्षा तो शहाणा होता.

मी त्या दिवशी पाच मिनिटं वाचवली. त्याची किंमत तिने भरली.

पुढची बरीच वर्षं मी चांगली शिक्षिका म्हणून नावाजले गेले, हेही सांगायला हवं. पोर्शन वेळेवर, निकाल उत्तम, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. इन्स्पेक्शनला साहेब आले की आमच्या वर्गाकडे हमखास आणायचे. त्या शांततेचा मला अभिमान होता.

मग २००५ साल आलं. त्या वर्षी कापरेकरांची जन्मशताब्दी होती.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं, मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत आमच्या इथे देवळालीला शाळामास्तर म्हणून राहिले. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. आकड्यांशी खेळत बसायचे. आपल्याकडच्या बऱ्याच गणितींना हे पोरखेळ वाटत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा हे नाव जगभर गेलं. १९८६ मध्ये ते वारले. देवळाली माझ्या घरापासून बसने तासाभराच्या आत, आणि माझ्यासारख्या गणिताच्या बाईला त्यांच्याविषयी शताब्दीच्या निमित्तानेच नीट कळलं, ही शरमेचीच गोष्ट.

त्यांचा प्रसिद्ध शोध तुम्हाला माहीत असेल. नसेल तर आत्ता कागद घ्या. कोणतीही चार अंकी संख्या लिहा, सगळे अंक सारखे मात्र नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ १९४७. ९७४१ वजा १४७९, ८२६२. मग ८६२२ वजा २२६८, ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४ चं केलंत तर ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी ६१७४ ला येऊन थांबते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. लागतं काय, तर चौथीतली वजाबाकी.

शताब्दीनिमित्त काहीतरी करावं म्हणून मी सातवीला हे दिलं. चालू साल म्हणून मुलांनी २००५ घेतलं, त्याला बरोबर सात पायऱ्या लागल्या. वर्गात ६२ मुलं. एकेक जण "आलं आलं" म्हणून ओरडायला लागला. मी खूश. म्हटलं, चला, झाला कार्यक्रम, पुस्तक उघडा. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, दोन अंकी घेतलं तर?"

आता हे मी पाहिलंच नव्हतं. शिकवायला जेवढं लागतं तेवढंच वाचून आले होते. ती तिसऱ्या बाकावरची मुलगी माझ्या डोळ्यांपुढे आली असं म्हटलं तर गोष्ट छान होईल, पण तसं काही झालं नाही. फक्त खोटं बोलायचा कंटाळा आला. मी म्हणाले, "मला माहीत नाही रे. कर बघू."

वर्ग क्षणभर गप्प झाला. बाईंना माहीत नाही! आणि मग जे काही झालं, ते मी आजवर पाहिलं नव्हतं. ६२ मुलं वहीवर तुटून पडली. थोड्या वेळाने एक मुलगी ओरडली, "बाई, हे गोल फिरतंय!" खरंच. ९ वरून ८१, ८१ वरून ६३, ६३ वरून २७, २७ वरून ४५, ४५ वरून पुन्हा ९. थांबतच नाही. मग कुणीतरी म्हणालं, तीन अंकी? ते ४९५ ला थांबलं. मग, सगळे अंक सारखे का घ्यायचे नाहीत? घेऊन बघितले, शून्य आलं, पोरं हसली. मग एक जण म्हणाला, "बाई, दर वेळी उत्तराला नऊने भाग जातोय." तो का जातो, हे शोधायला दुसरा दिवस लागला. पाच अंकी संख्या मी घरी घेऊन गेले. तिथे एक मुक्काम नाहीच, निरनिराळी चक्रं आहेत. ते सांगितल्यावर मुलांना फार आनंद झाला. का कोण जाणे!

यात माझे चार तास गेले. पोर्शन मागे पडला. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं. सहामाहीच्या आधी दोन शनिवार जादा तास घेऊन मी तो भरून काढला. मुलांचे मार्क वाढले असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही. जेवढे पडायचे तेवढेच पडले.

बदललं ते दुसरंच. पुढे त्रिकोणाचा धडा आला. तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश, मी फळ्यावर लिहिलं. हात वर. "बाई, १८०च का? २०० का नाही?" आधी मी हसले असते. आता म्हटलं, अरे, हा तर खरा प्रश्न आहे. कागदाचा त्रिकोण कापायला लावला, तिन्ही कोपरे फाडून शेजारी शेजारी लावायला सांगितले. सरळ रेषा तयार झाली. सगळ्यांची त्रिकोणं वेगळी, रेषा मात्र सगळ्यांची सरळ. म्हणजे खरं उत्तर 'सरळ रेषा' हे आहे. १८० हा आपला हिशोब. पुऱ्या वर्तुळाचे ३६० भाग करायचं माणसांनी ठरवलं म्हणून. ४०० केले असते तर बेरीज २०० आली असती! शिकवायला लागून वीस वर्षं होत आली होती, आणि निसर्गाचं काय आणि माणसांनी ठरवलेलं काय, हा फरक मला त्या दिवशी धड समजला. एका बारा वर्षांच्या मुलाने विचारलं म्हणून.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे. "विचारा रे, घाबरू नका" असं सांगून मुलं विचारत नाहीत. आम्ही सगळेच ते सांगतो. कायद्यातसुद्धा लिहून ठेवलंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात मुलाला भीतीपासून मुक्त करावं, त्याला मोकळेपणाने मत मांडायला मदत करावी, असं स्पष्ट आहे. मुलं आपलं बोलणं ऐकत नाहीत, आपण प्रश्नावर काय खर्च करतो ते बघतात. प्रश्नाला दोन गोष्टी द्याव्या लागतात, तासातला वेळ आणि आपली थोडी प्रतिष्ठा. त्या द्यायची तयारी नसेल तर उत्तेजन म्हणजे नुसती तोंडपूजा.

आपल्या परंपरेत या दोन्ही तऱ्हेचे वर्ग आहेत. प्रश्नोपनिषदात सहा जण पिप्पलादांकडे प्रश्न घेऊन जातात. ते म्हणतात, वर्षभर इथे राहा, मग हवं ते विचारा. मला माहीत असेल तर सांगेन. 'माहीत असेल तर', एवढा मोठा ऋषी असं म्हणतो. आणि बृहदारण्यकात याज्ञवल्क्य गार्गीला सांगतात, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. गंमत म्हणजे गार्गी त्या वेळी गप्प बसते, पण त्याच सभेत पुन्हा उठते आणि आणखी दोन प्रश्न टाकते. माझ्या वर्गातल्या मुलीला तेवढं बळ नव्हतं. सगळ्या मुली गार्गी नसतात, आणि वर्ग चालवायचा तो गार्गीसाठी नव्हे, बाकीच्यांसाठी.

आमच्याच काळातलं उदाहरण जयंत नारळीकरांचं. सह्या मागणाऱ्या शाळकरी मुलांना त्यांनी सांगितलं, विज्ञानातला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर पाठवीन आणि खाली सही असेल. पोस्टकार्डं येत राहिली आणि ते उत्तरं देत राहिले. २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा मला त्यांच्या कृष्णविवरांआधी ही पोस्टकार्डंच आठवली. एवढ्या व्यापातल्या माणसाने मुलांच्या प्रश्नांवर वेळ खर्च केला, वर टपालसुद्धा.

आता माझे शिक्षक भाऊबंद काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण तेच मी पंधरा वर्षं म्हणत होते. वर्गात साठ मुलं, तासिका ३५ मिनिटांची. दर मुलामागे अर्धा मिनिट येतं. त्यात हजेरी, गृहपाठ, शिवाय निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, माहिती भरणं. हे शंभर टक्के खरं आहे. दुसरं, तीच ती तीन मुलं विचारतात. तेही खरं. तिसरं, काही पोरं नुसता तास घालवायला विचारतात. अगदी खरं, मीसुद्धा शाळेत असताना इतिहासाच्या सरांना त्यांच्या गावच्या किल्ल्याविषयी विचारून तास बुडवलेले आहेत!

माझं म्हणणं एवढंच, की साठ मुलांना साठ प्रश्न विचारू द्यायचे नसतात. त्या दिवशी 'दोन अंकी घेतलं तर' हा प्रश्न एकाने विचारला, पण कामाला लागली बासष्टच्या बासष्ट. एकाच्या प्रश्नाने बाकीच्यांचा वेळ जात नाही. तो प्रश्न तुम्ही त्या दोघांतच संपवलात तर जातो.

मला उपयोगी पडल्या त्या गोष्टी साध्या आहेत. एक म्हणजे थांबणं. १९७० च्या दशकात अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी वर्गांतली बोलणी टेपवर घेऊन ऐकली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. हेच थांबणं तीन सेकंद केलं, तर मुलांची उत्तरं लांबली आणि मुलं स्वतःहून जास्त प्रश्न विचारू लागली. तीन सेकंद! मी मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे. सुरुवातीला ते पाच आकडे फार लांब वाटतात, फळ्याकडे वळायचा मोह होतो. वळायचं नाही.

दुसरी, 'काही शंका' हे शब्द मी टाकून दिले. तासाच्या मध्यावर विचारायचे, "आता यावर काय काय प्रश्न पडू शकतात?" म्हणजे प्रश्न पडणं ही रीतच ठरली, कुणाची उणीव नाही. तिसरी, फळ्याचा उजवा कोपरा प्रश्नांसाठी राखलेला. जो प्रश्न तेव्हा घेता येत नाही तो तिथे लिहायचा, आणि तो पुसायचा नाही, अशी मॉनिटरला ताकीद. शनिवारची शेवटची दहा मिनिटं त्या कोपऱ्याची. (हो, शनिवारच. पण प्रश्न आठवडाभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायचा, वहीत दडपलेला नसायचा.) आणि चौथी सगळ्यांत कठीण, ज्याला आपण हसतो त्याला वर्ग हसतो. मुलांना "हसू नका" सांगून काही होत नाही. आपल्या ओठांवर लक्ष ठेवायचं.

प्रश्नपेटीही करून पाहिली. पहिले तीन आठवडे रिकामी, मग एकदम भरली. बऱ्याच चिठ्ठ्या शरीराविषयीच्या, ज्या तोंडाने कुणी कधीच विचारल्या नसत्या. त्यांच्यासाठी पेटी उत्तम. पण गणिताच्या प्रश्नालाही नाव लपवावं लागत असेल, तर पेटीने काम झालं असं मानू नये.

आणि एक गोष्ट आमच्या विषयी. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आम्ही बसायचो. दिवसभर कुणीतरी बोलायचं, विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला कसं प्रवृत्त करावं हेच! शेवटी साधनव्यक्ती विचारायचे, "काही शंका?" आणि आम्ही सगळे चहाच्या किटलीकडे बघायचो. परिपत्रक आलं की त्यावर सही करायची, 'का' विचारायचं नाही. ज्यांना स्वतःला वर्षानुवर्षं कुणी विचारू दिलेलं नाही, ते मुलांना कुठून विचारू देणार? शिक्षकांना दोष देण्याआधी हेही बघायला हवं.

असो. तर भाचेबाई, आता तुझं.

तुझी काळजी मला कळते. ती खोटी नाही. तिथे फी भरलेली आहे, तुकड्या मार्कांवर लागतात, सरांची मर्जी जायला नको. तो क्लास एका रात्रीत बदलणार नाही हेही मला कळतं. क्लास सोडव असं मी म्हणणार नाही. तुमचं घर, तुमचा निर्णय. एवढंच कर. पुढच्या वेळी सर म्हणाले, की तुमचा मुलगा वेळ घेतो, तर त्यांना विचार, "कोणता प्रश्न होता हो?" त्यांना आठवला तर तुमचं नशीब चांगलं, ते ऐकतात. आठवला नाही, तर निदान त्याला घरी तरी विचार. आणि तुला उत्तर येत नसेल तर "माहीत नाही" म्हण. त्याने तो लहान होत नाही, तूही होत नाहीस.

त्याला नादी मी कसं लावलं, तेही सांगून टाकते. एका दुपारी उन्हाने बाहेर जाता येत नव्हतं, तेव्हा ६१७४ दिलं. मोबाइल काढून घेतला, हाताने करायला लावलं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा आलं. मग बराच वेळ वहीकडे बघत बसला आणि म्हणाला, "आजी, हे सिलॅबसमध्ये नाहीये ना?"

"नाही."

"परीक्षेलाही नाही?"

"नाही रे बाबा."

"मग एक विचारू?"

चार वर्षांचा असताना त्याने असं कधी म्हटलं नव्हतं. तेव्हा तो परवानगी न मागता विचारायचा. ती मागायला त्याला कुणीतरी शिकवलंय. त्यात मीही आहे, माझ्यासारख्या हजारो बायाही आहेत. त्याचा प्रश्न काय होता ते मी सांगत नाही. तू त्यालाच विचार.